कॅम्परचा जनरेटर पेट्रोलचा, डिझेलचा की गॅसचा? आधी रात्रीचे युनिट मोजा

निपाणीच्या एका भावांनी विचारलं आहे. जुनी डिझेल ट्रॅव्हलर घेऊन त्यांनी आत झोपायची, स्वयंपाकाची सोय केली आहे. गाडीत नवरा-बायको, दोन मुलं आणि आई. दिवाळीनंतर जांबोटी, कणकुंबी, चंदगड, तिलारी या बाजूला जिथे विजेचा खांब नाही अशा जागी तीन-तीन रात्री मुक्काम करायचा आहे. आईंना झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं) लागतं, म्हणून जनरेटर हवाच. तो पेट्रोलचा घ्यावा, डिझेलचा की गॅसचा? ओळखीच्या एकाने त्यांना सांगितलं, गॅसचाच घ्या, स्वयंपाकाच्या सिलिंडरवर चालतो, वेगळं इंधन बाळगायला नको.

बेळगावात उद्यमबागेत मी 26 वर्षं जनरेटर दुरुस्त करतोय. गणपतीच्या मंडपाचे, लग्नाच्या हॉलचे, ऊसवाल्यांच्या मळ्यातले, अलीकडे अशा राहत्या गाड्यांचेही. स्वतःची एक टेम्पोची गाडी आहे, तिच्यातून आम्ही घरचे सगळे दर हिवाळ्यात याच भागात फिरतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल, पण थोडं मागे जाऊन द्यावं लागेल.

आईंचं मशीन रात्री बंद पडू नये, हा तुमचा खरा प्रश्न आहे. इंधन त्यानंतर येतं. तुम्ही धरून चालला आहात की मशीन जनरेटरवर चालणार, रात्रभर. ते करू नका. इंधन कुठलंही असो, झोपलेल्या माणसाचं मशीन चालत्या इंजिनाच्या भरवशावर ठेवू नये. पहाटे तीनला टाकी संपते, प्लग काळा पडतो, फिल्टरमध्ये पाणी येतं, आणि अंधारात दव पडलेल्या गवतात उभं राहून दोरी ओढणारे तुम्हीच असता. मशीन बॅटरीवर चालू दे. जनरेटरने दिवसा दोन-अडीच तास चालून ती बॅटरी भरायची, एवढंच त्याचं काम. हे एकदा ठरलं की इंधनाची निवड फार सोपी होते.

हिशेब करून बघू. सीपॅपच्या अडॅप्टरवर 65 किंवा 90 वॅट लिहिलेलं असतं, पण वाफेचं पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर मशीन साधारण 30 ते 40 वॅटच घेतं. आठ तासांचे सव्वातीनशे वॅट-तास धरा. 12 व्होल्टचा लहान कॉम्प्रेसर फ्रिज दिवसभरात साडेचारशेच्या आसपास. दोन 12 व्होल्टचे पंखे अडीचशे. दिवे शंभर. मोबाइल, पाण्याचा पंप आणि मिक्सरची पाच मिनिटं मिळून दीडशे. बेरीज तेराशेच्या आत येते, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत 1.3 युनिट. 12 व्होल्ट 200 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी अडीच युनिट साठवते. एक रात्र आरामात निघते आणि दुसऱ्या रात्रीला जवळपास तेवढंच उरतं.

घरच्या इन्व्हर्टरची 150 अँपिअरची ट्युब्युलर बॅटरी उचलून गाडीत टाकायचा मोह होईल, कारण ती आधीच घरात आहे. पण तिच्यातली निम्मीच वीज रोज वापरावी, नाहीतर ती वर्षभरात बसते. वजन पन्नास किलोच्या वर. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो माणसं झोपतात त्या जागेत नको. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा. तुमच्या घरात आईंचं मशीन आहे, म्हणून बॅटरीत हात आखडू नका असं मी स्पष्ट सांगेन.

आता जनरेटरकडे. 40 अँपिअरचा चार्जर लावला तर जनरेटरवर साधारण 650 वॅटचा भार येतो. अडीच तासांत दिवसभराचा खर्च भरून निघतो. 2 केव्हीएचा (साधारण दीड-पावणेदोन हजार वॅटचा) इन्व्हर्टर पद्धतीचा, म्हणजे भाराप्रमाणे इंजिनाचा वेग बदलणारा, पेट्रोल जनरेटर या भाराला तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पितो. म्हणजे दिवसाला सव्वा ते दीड लिटर. तीन दिवसांचं सगळं पेट्रोल पाच लिटरच्या एका कॅनमध्ये मावतं. गॅसवर हेच काम दिवसाला पाऊण किलोच्या आसपास होईल. कुठलं इंधन स्वस्त याची चर्चा एवढ्याशा वापरात निरर्थक आहे, तीन दिवसांत फरक पडलाच तर शे-दोनशे रुपयांचा. तेव्हा किंमत बाजूला ठेवू. ते इंधन आडबाजूला मिळतं का, गाडीत सुरक्षित राहतं का, आणि चार महिने जनरेटर पडून राहिल्यावर पुन्हा चालू होतो का, या तीन गोष्टींवर मी निवड करतो.

गॅसपासून सुरुवात करतो, कारण तुम्हाला तोच सांगितला गेलाय. गॅसचे गुण खरे आहेत. तो शिळा होत नाही, कार्बोरेटरमध्ये चिकटा धरत नाही, इंजिनचं ऑइल जास्त दिवस स्वच्छ राहतं. वर्षातून दोनदाच जनरेटर लावणाऱ्याला हे फार सोयीचं. पण स्वयंपाकाच्या सिलिंडरवर चालतो, हे वाक्य अर्धवट आहे. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर जनरेटरला लावणं नियमाबाहेर आहे, तो फक्त घरच्या स्वयंपाकासाठी. लावायचा तर व्यावसायिक 19 किलोचा किंवा 5 किलोचा छोटा खुल्या विक्रीचा. 19 किलोचा भरलेला सिलिंडर चाळिशीच्या जवळ वजन भरतो, आणि तो गाडीत उभाच बांधावा लागतो. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. 5 किलोचा सोपा, पण त्यातून सलग जास्त गॅस ओढला की सिलिंडर गार पडतो, बाहेर घाम येतो आणि दाब उतरतो. कणकुंबीच्या थंडीत पहाटे हे लवकर जाणवतं. तुमच्या 650 वॅटला तो पुरेल, पण जास्त भार टाकलात तर जनरेटर धापा टाकायला लागेल.

आणखी एक. हवेपेक्षा पेट्रोलची वाफही जड आणि गॅसही जड. गळती झाली तर गॅस वर उडून जात नाही, गाडीच्या फरशीवर, सीटखाली साचतो. तुमच्या गाडीत फरशीलगत फ्रिजचा कॉम्प्रेसर आहे आणि वर शेगडी. सिलिंडरला बाहेरून उघडणारा, खाली जाळीचं भोक असलेला, आतल्या बाजूने पूर्ण बंद कप्पा केला नसेल तर गॅसचा विचारच सोडा. असे कप्पे बनवून देणारे फॅब्रिकेटर उद्यमबागेत भरपूर आहेत, काम कठीण नाही. पण मी पाहिलेल्या दहा गाड्यांतल्या आठांत सिलिंडर बाकाखाली दोरीने बांधलेला असतो.

मिळण्याचा प्रश्न राहतोच. सिलिंडर संपला आणि रविवार असला तर डोंगरात बसून काही करता येत नाही. पेट्रोल निदान कुणाच्या तरी मोटरसायकलमधून लिटरभर मागता येतं.

डिझेलबद्दल माझ्या मनात हळवा कोपरा आहे, हे कबूल करतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली याच बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, त्या घराण्याच्या इंजिनांवर आमच्या पिढीतले निम्मे मेकॅनिक हात शिकले. डिझेल सहज पेट घेत नाही, तुमच्या गाडीच्या टाकीत ते आधीच आहे, आणि मोठ्या भारावर ते पेट्रोलपेक्षा कमी पितं. मग तुम्हाला डिझेल का सांगत नाही? कारण तुमचा भार फार लहान आहे. डिझेल इंजिन क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी भारावर तासन्‌तास चालवलं तर ते पुरेसं तापत नाही. न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं, काळं ओलसर तेल ठिबकायला लागतं, रिंगा आणि लायनर गुळगुळीत होतात, ऑइल खायला लागतं. माझ्याकडे एका शेतघराचा 5 केव्हीएचा संच आला होता. तीन वर्षं त्याच्यावर दोन दिवे, एक टीव्ही आणि पंखा चालला होता. मालक म्हणाले, कधी जड काम दिलं नाही, तरी कसा खराब झाला? जड काम दिलं नाही म्हणूनच झाला.

बाजारात मिळणारे लहान डिझेल संचही वजनाला साठ-सत्तर किलोच्या पुढे, आणि आवाजरोधक पेटीसह घेतला तर दोघांना उचलत नाही. आवाजही वेगळा. नियमाप्रमाणे आवाजरोधक पेटीतला डिझेल संच 1 मीटरवर 75 डेसिबलपर्यंत आवाज करू शकतो. शहरात मंडपामागे ते खपतं. जांबोटीच्या रानात, जिथे रात्री पानावर पडलेलं दव ऐकू येतं, तिथे खपत नाही. सुरुवातीच्या काळात मी एकदा एका शेताच्या बांधाला गाडी लावून असाच संच रात्री सुरू ठेवला होता. अकरा वाजता शेजारच्या वस्तीवरचे आजोबा कंदील घेऊन आले. "काय करूलास रे हे? पोरं झोपली न्हाईत." मी लगेच बंद केला. तेव्हापासून सूर्य मावळल्यावर जनरेटर चालू ठेवलेला नाही.

मात्र तुमचा बेत वेगळा असता तर मीच डिझेल सांगितलं असतं. समजा तुम्ही एप्रिल-मेमध्ये अथणी, रायबाग, गोकाककडे मुक्काम करणार असता आणि एक टनाचा एसी रात्रभर हवा असता. तिथे पारा चाळिशीला जातो. मग रात्रीचे पाच-सहा युनिट लागतात, इंजिनाला पुरेसा भार मिळतो, आणि 30 लिटर पेट्रोल घेऊन हिंडण्यापेक्षा डिझेल शहाणपणाचं. तशा वेळी गाडीच्या टाकीतून जनरेटरला डिझेल द्यायचं असेल तर टाकीत वेगळी नळी बसवा, आणि ती तळापासून बरीच वर ठेवा, म्हणजे जनरेटरने कितीही प्यायलं तरी घरी परतण्यापुरतं डिझेल खाली उरतं. गाडीच्या चालू फीड लाइनला टी जोडून घेऊ नका. हवा शिरते आणि सकाळी गाडीच सुरू होत नाही. सह्याद्रीच्या काठावर हिवाळ्यात एसीची गरज नाही, गोधडीची आहे, म्हणून तुमच्यासाठी डिझेल मी बाजूला ठेवतो.

जुनी माणसं रॉकेलचं विचारतील. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर टाकायचे ते लहान जनरेटर आमच्याकडे घराघरांत होते आणि फार चिवट होते. पण रेशनवरचं निळं रॉकेल त्यासाठी वापरता येत नाही, आणि ते आता सहज मिळतही नाही. कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

राहिलं पेट्रोल. तुमच्यासाठी मी हेच सांगतोय, पण त्याच्या खोडी समजून घेऊन. 2 केव्हीएचा इन्व्हर्टर पद्धतीचा बंद पेटीतला जनरेटर वीस-बावीस किलोचा असतो, एका हाताने उचलता येतो, कमी भारावर इंजिनाचा वेग आपोआप उतरवतो. पाटीवरचा आकडा मात्र जसाच्या तसा धरू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, आणि दर तीनशे मीटरला इंजिनाची ताकद साडेतीन टक्क्यांनी उतरते. म्हणजे आठ-नऊ टक्के इथेच गेले. गॅसवर चालवलात तर आणखी दहा टक्के जातात. 650 वॅटला हे सगळं धरूनही पुरून उरतं, पण 1 केव्हीएचा घेऊन भागेल का असं विचारलंत, तर नाही म्हणेन.

पेट्रोलची मोठी खोड आता इथेनॉल आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते बऱ्याच अंशी आपल्याच भागातल्या उसाचं. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला हवा महिनोन्‌महिने ओली असते. अर्धी रिकामी टाकी जूनमध्ये ठेवून दिली की ऑक्टोबरपर्यंत त्यात इतकं पाणी जमतं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. कार्बोरेटर टाकीच्या तळातूनच पितो.

हे मी स्वतः भोगलंय. पाऊस उघडल्यावर पहिल्याच सहलीला आम्ही कणकुंबीला गेलो, जिथे मलप्रभा उगम पावते. देवळाजवळ रात्र काढून पुढे चोर्ल्याकडे जायचं होतं. जनरेटरला पन्नास वेळा दोरी ओढली, एक भपकाराही नाही. टाकी काचेच्या बाटलीत उतरवली तर खाली दोन बोटं वेगळा थर दिसत होता. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, हिरवट मेणाने बंद. रोज दुसऱ्यांचे कार्बोरेटर साफ करणारा मी, आणि माझ्याच जनरेटरची टाकी चार महिने तशीच ठेवली होती. त्या रात्री बॅटरीने निभावलं.

त्यामुळे पथ्य असं: घरी परतल्यावर टाकी पूर्ण उतरवा, उरलेलं पेट्रोल स्कूटरमध्ये टाका. मग इंधनाचा कॉक बंद करून जनरेटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरचा वाटगाही रिकामा होतो. दर दोन महिन्यांनी ताजं अर्धा लिटर घालून पंधरा मिनिटं चालवा, नुसता नाही, इस्त्री किंवा हीटर लावून. एवढं करणार नसाल, तर मात्र गॅसचं पारडं जड होतं. हे मी मनापासून सांगतोय, कारण पथ्य न पाळणाऱ्यांसाठी पेट्रोलचा जनरेटर ऐनवेळी दगा देतो.

पेट्रोल न्यायचं ते घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्येच. प्लास्टिकच्या बाटलीत किंवा तेलाच्या डब्यात नाही. स्वतःच्या वापरासाठी 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येतं, तुम्हाला पाच पुरतात. कॅन काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. आणि तो माणसांच्या कप्प्यात नको, मागे बाहेरच्या स्टँडवर. बेळगाव किंवा खानापुरातूनच भरून निघा. आडगावात दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतं, पण त्यात काय मिसळलंय हे कळत नाही, ते अगदी निरुपाय झाला तरच.

इथवर आल्यावर तुमच्यापुरतं मत सांगतो: 200 अँपिअरची लिथियम बॅटरी, गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून ती भरणारा 30 अँपिअरचा डीसी चार्जर, आणि 2 केव्हीएचा पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर. निपाणीहून कणकुंबीपर्यंतच्या प्रवासातच बॅटरी पुष्कळशी भरेल. छतावर 400 वॅटचं सोलार बसवलंत तर हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात दिवसाचा खर्च त्यातूनच निघेल आणि जनरेटर ढगाळ दिवसापुरता उरेल. पावसाळ्यात मात्र त्या बाजूला सोलारवर काहीच विसंबू नका.

एका गोष्टीवर जरा थांबतो, कारण तिने माणसं मरतात. पेट्रोल, डिझेल, गॅस, कशावरही चाललं तरी इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. गॅस स्वच्छ जळतो म्हणून गॅसचा जनरेटर व्हरांड्यात चालतो, असं सांगणारे भेटतात. चालत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने पाऊस आला म्हणून जनरेटर गाडीला लागून ताडपत्रीखाली घेतला आणि खिडकी थोडी उघडी ठेवली. तासाभरात सगळ्यांचं डोकं दुखायला लागलं, धाकट्याला उलट्या झाल्या. त्यांना वाटलं, दुपारचं जेवण बाधलं. सुदैवाने कुणीतरी दार उघडून बाहेर आलं आणि मोकळ्या हवेत बरं वाटल्यावर लक्षात आलं. जनरेटर गाडीपासून निदान सहा-सात मीटर लांब, धुराचं तोंड गाडीच्या उलट दिशेला, आणि वारा गाडीकडून जनरेटरकडे जाईल असा. त्यासाठी जाड वायर घ्या, 2.5 चौरस मिलिमीटरची. गाडीत बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. आईंना झोपेत श्वासाचा त्रास आहे, तुमच्या गाडीत तो अलार्म जनरेटरच्या आधी विकत घ्यायची वस्तू आहे.

जागा निवडतानाही बघा. डिसेंबर-जानेवारीत ऊस तुटलेला असतो आणि फडात पाचट पसरलेलं असतं. त्यावर तापलेला सायलेन्सर ठेवला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाळलेल्या गवताचंही तेच. उघड्या मातीवर किंवा कातळावर ठेवा, आणि पेट्रोल घालण्याआधी इंजिन बंद करून पंधरा मिनिटं निवू द्या. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत आणि वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय मुक्काम नकोच. बाकी ठिकाणी ज्याचं शिवार त्याला आधी विचारा, आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

निघण्याआधी एक रात्र घराच्या अंगणात गाडीत झोपून बघा, घरची वीज न लावता. सगळं तसंच चालवा, फ्रिज, पंखे, आईंचं मशीन. सकाळी बॅटरीच्या मीटरवर किती युनिट गेले तो आकडा आणि सीपॅपच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट मला कळवा. मशीन 12 व्होल्टवर चालणारं निघालं तर त्याला थेट बॅटरीवरून डीसी केबल लावता येईल, 24 व्होल्टचं निघालं तर मध्ये व्होल्ट वाढवणारा डीसी कन्व्हर्टर लावून, मग बॅटरीची वीज घरच्यासारखी 230 व्होल्टची करणारा इन्व्हर्टरही नको आणि तो खातो ती वीजही वाचेल.